गळतीचा अर्ज नक्की कुणाकडे?

आमच्या मागच्या खोलीत ओल आली ती जानेवारीत. महिना मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचा सगळा वाद त्यावरच फिरत राहिला. पावसाळ्यात ओल आली असती तर ती बाहेरच्या भिंतीतून की गच्चीतून, यावर कितीही भांडता आलं असतं. पण दिवाळीनंतर पावसाचा थेंब नव्हता, आमचा मजला दुसरा, वर आणखी दोन मजले, आणि ओल खोली-बाथरूममधल्या सामाईक भिंतीच्या वरच्या कडेला, बरोबर वरच्यांच्या बाथरूमच्या रेषेत. त्या खोलीत सासूबाई झोपतात. त्यांना दमा आहे. भिंतीवर बुरशी धरायला लागली तसा आम्ही त्यांचा पलंग हॉलमध्ये आणला.

वरच्या घराशी आमचं चांगलं होतं. किल्ली एकमेकांकडे ठेवण्याइतकं चांगलं. म्हणून आधी तोंडीच सांगितलं. वरचे काका खाली आले, भिंतीला हात लावून बघितला आणि म्हणाले, “वहिनी, बिल्डिंग जुनी झाली आता. पाणी कुठून येतं ते कोण सांगणार? माझं बाथरूम तर गेल्याच वर्षी नवं केलंय.” मला नेमकी तीच शंका होती. नव्या फरशा बसवताना जुनी फरशी फोडली जाते, खालचा वॉटरप्रूफिंगचा थर दुखावतो, आणि तो परत नीट केला नाही तर पाणी नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीतल्या पाणी वाहून जाण्याच्या तोंडाच्या, कडेने खाली मुरायला लागतं. पण ते तसं म्हणाले की विषय तिथेच थांबायचा. पुन्हा सांगितलं की पुन्हा तेच उत्तर.

सेक्रेटरींकडे गेलो तर ते म्हणाले, “हा तुमच्या दोघांतला प्रश्न आहे, सोसायटी यात पडत नाही.” हे वाक्य महाराष्ट्रातल्या बहुतेक सोसायट्यांमध्ये ऐकायला मिळतं. ते खरं नाही, हे मला उपविधी वाचल्यावर कळलं.

आपल्या सोसायटीचे उपविधी, ज्याला सगळे बायलॉज म्हणतात, ते घरात असावेत असं मला फार वाटतं. राज्य शासनाचे आदर्श उपविधी छापील मिळतात, मराठीतही मिळतात. फक्त एक बघायचं. आपल्या सोसायटीने कुठले स्वीकारलेत? अनेक सोसायट्या नोंदणीच्या वेळचे जुने उपविधी घेऊनच चालत असतात. आमच्याकडे सर्वसाधारण सभेत २०१४ चे आदर्श उपविधी स्वीकारल्याचा ठराव झालेला होता, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

दुरुस्तीच्या भागात विभागणी अगदी स्पष्ट आहे. बाहेरच्या भिंती, गच्ची, सामाईक पाइपलाइन, ड्रेनेज लाइन, टाक्या, पंप, जिना, पावसाच्या पाण्याची गळती, हे सगळं सोसायटीने सोसायटीच्या खर्चाने करायचं. सदनिकेतल्या संडास, मोरी, सिंक यांच्यामुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च त्या सदनिकाधारकाचा. म्हणजे खर्च वरच्या काकांचा असेलही, पण गळती कुठून आहे हे शोधण्यात सोसायटीचा हात असलाच पाहिजे, कारण तिची उत्तरं दोन निघू शकतात आणि त्यातलं एक उत्तर सोसायटीच्या खिशाला लागतं. शिवाय सेक्रेटरींना पूर्वसूचना देऊन सदनिकेची पाहणी करण्याचा अधिकार आहे. पाहणीचा अहवाल समितीपुढे ठेवायचा, समितीने संबंधित सभासदाला दुरुस्तीची नोटीस द्यायची, आणि त्याने केली नाही तर सोसायटीने करून खर्च त्याच्याकडून वसूल करायचा, अशी ती वाट आहे. “आम्ही यात पडत नाही” याला तिथे जागाच नाही.

म्हणून लेखी अर्ज दिला. अर्ज लिहिताना मी एक पथ्य पाळलं: त्यात काकांविषयी एक शब्द लिहिला नाही. ओल कुठे आहे, कधीपासून आहे, पावसाळा नसताना आहे, घरात दम्याचा पेशंट आहे, आणि उपविधींप्रमाणे वरच्या सदनिकेची पाहणी करून लेखी कळवावं, एवढंच. सोबत तारखेसह फोटो. शेअर सर्टिफिकेटवर पहिलं नाव नवऱ्याचं आणि दुसरं माझं, म्हणून दोघांनी सह्या केल्या. सभासद कोण या मुद्द्यावर अर्ज बाजूला पडायला नको. ऑफिसात पोच मागितली तर मॅनेजर म्हणाला, ठेवून जा. मी दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घेऊनच निघाले. पोच नसलेला अर्ज पुढे कुठेच चालत नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलेली तक्रारही नाही.

उपविधींप्रमाणे असा अर्ज समितीने पुढच्या सभेत घ्यायचा आणि त्यानंतर १५ दिवसांत निर्णय सभासदाला कळवायचा असतो. सभा झाली, मुदत उलटली, उत्तर आलं नाही.

या काळात मला सल्ले भरपूर मिळाले, आणि त्यातले काही धोकादायक होते. सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला सल्ला म्हणजे “मेंटेनन्स भरणं थांबवा, मग बघा कसे धावत येतात.” कृपा करून कुणी हे करू नये. गळतीची तक्रार आणि मेंटेनन्स यांचा कायद्याच्या दृष्टीने काही संबंध जुळत नाही. थकबाकीवर सोसायटी सरळव्याजाने वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावू शकते, आणि वसुलीच्या दाखल्यासाठी निबंधकांकडे, म्हणजे सहकारी संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांकडे, जाऊ शकते. पूर्वी हे कलम १०१ खाली व्हायचं. २०१९ साली सहकारी संस्था अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण १३-ब आलं, तेव्हापासून ते कलम १५४ब-२९ खाली होतं. तक्रारदार म्हणून उभं राहायचं असताना आपणच थकबाकीदार ठरलो तर आपल्या अर्जाला उत्तर देण्याऐवजी समिती आपलं बिल पुढे करते. आम्ही प्रत्येक बिल वेळेवर, चेकनेच भरलं.

दुसरा सल्ला होता माहितीच्या अधिकाराचा. तोही जसाच्या तसा लागू पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये केरळच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सांगितलंय, की सरकारची मालकी, नियंत्रण किंवा भरीव अर्थसाहाय्य नसलेली सहकारी संस्था ही माहिती अधिकार कायद्यातलं ‘सार्वजनिक प्राधिकरण’ होत नाही. म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरीला त्या कायद्याखाली अर्ज करून उपयोग नाही. निबंधक मात्र सार्वजनिक प्राधिकरण आहेत आणि कायद्याने त्यांना सोसायटीकडून जी माहिती मागवता येते ती त्यांच्यामार्फत मागता येते. पण मुळात सभासदाला इतक्या लांबून जायची गरजच नाही. सोसायटीची कागदपत्रं बघण्याचा आणि नकलेचं शुल्क भरून प्रती घेण्याचा हक्क सहकार कायद्याने आणि उपविधींनी त्याला दिलेलाच आहे.

तिसरा सल्ला पोलिसांचा. जिन्यात एकदा काकांच्या मुलाचा आणि माझ्या नवऱ्याचा आवाज चढला होता, तेव्हा शेजारच्या वहिनी म्हणाल्या की तक्रार देऊन टाका. धमकी, मारहाण, उपद्रव असेल तर पोलिसांकडे जायलाच हवं. गळतीसाठी पोलीस काय करणार? शिवाय त्यानंतर किल्ली ठेवण्याइतकं नातं कधीच परत आलं नसतं. आम्ही गेलो नाही.

आम्ही गेलो उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात, आणि तिथल्या सहकार अधिकाऱ्यांनी पाच मिनिटांत जे सांगितलं ते मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, “ताई, गळती आमच्याकडे येत नाही. ती सहकार न्यायालयाची. पण सोसायटी तुमचा अर्ज घेत नसेल, कागदपत्रांच्या प्रती देत नसेल, तर ते आमच्याकडे येतं. तुमच्या अर्जात दोन्ही एकत्र झालंय, ते वेगळं करा.”

घरी येऊन उपविधींच्या शेवटच्या भागातलं तक्रार निवारणाचं कलम परत काढलं. ते १७४ वं आहे, आणि सोसायटीत राहणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा वाचावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. कुठला वाद कुणाकडे न्यायचा याची त्यात यादीच आहे. सभासदत्व नाकारणं, नामनिर्देशनाची नोंद न करणं, कागदपत्रांच्या प्रती न देणं, चेक किंवा पत्र न स्वीकारणं, वार्षिक सभा न घेणं, हिशेब आणि लेखापरीक्षण, हे निबंधकांकडे. दुरुस्त्या, गळती, पार्किंग, पाण्याचं असमान वाटप, जादा आकारणी, हे सहकार न्यायालयाकडे. बिल्डरने करार न पाळणं, निकृष्ट बांधकाम, कन्व्हेयन्स (जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून देणं), हे दिवाणी न्यायालयाकडे. अनधिकृत बांधकाम, वापरातला बदल, इमारतीच्या संरचनेचे प्रश्न महापालिकेकडे. मालमत्तेची देखभाल न करणं किंवा समितीने अवाजवी दंड लावणं असले विषय सर्वसाधारण सभेकडे. लोक वर्षानुवर्षं हेलपाटे घालतात आणि “सरकार काही करत नाही” म्हणतात. त्यातले कितीतरी अर्ज बरोबर असतात, पण चुकीच्या टेबलावर पडलेले असतात.

आम्ही अर्ज वेगळे केले. सोसायटीला नवा अर्ज दिला तो फक्त कागदांसाठी: वरच्या सदनिकेच्या नूतनीकरणाला समितीने दिलेल्या परवानगीची प्रत, त्या महिन्याच्या समिती सभेच्या इतिवृत्ताची प्रत, आणि आमच्या पहिल्या अर्जावर झालेल्या निर्णयाची प्रत. शुल्क भरायची तयारी त्यातच लिहिली. त्यावरही महिन्याहून जास्त काळ उत्तर आलं नाही, तेव्हा पोचीच्या प्रती जोडून उपनिबंधकांकडे तक्रार केली. त्यांच्याकडून सोसायटीला पत्र गेलं: सभासदाला प्रती द्या आणि केलेल्या कार्यवाहीचा अहवाल पाठवा.

ते पत्र आल्यावर समितीचा सूर बदलला. ते घाबरले असं मला म्हणायचं नाही. आमच्या समितीत सगळे नोकरी-धंदा सांभाळून बिनपगारी काम करणारे लोक आहेत, आणि शेजाऱ्याच्या दारात नोटीस घेऊन जायचं कुणाच्याही जिवावर येतं. पत्रामुळे त्यांना आधार मिळाला. आता काकांना सांगता येत होतं की वरून विचारणा झाली आहे, आम्हाला हे करणं भाग आहे.

कागद हातात आले आणि त्यात हवी ती गोष्ट सापडली. परवानगीच्या पत्रात अट होती की फरशी काढल्यास वॉटरप्रूफिंग नव्याने करून त्याचं ठेकेदाराचं हमीपत्र सोसायटीत जमा करावं. असं हमीपत्र फाइलमध्ये नव्हतं. यातून गळती तिथूनच आहे हे सिद्ध होत नाही, पण पाहणी टाळायला कारण उरत नाही.

मधल्या काळात आम्ही वकीलबाईंनाही भेटून आलो होतो. त्या सहकार न्यायालयातच काम करतात. त्यांनी सांगितलं, की सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली दावा करायचा झाला तर वरचे सभासद आणि सोसायटी दोघांनाही प्रतिपक्ष करावं लागेल. सभासद-सभासदांतला वादही सोसायटीच्या कारभाराशी निगडित असला तर त्या कलमात बसतो. तातडी असेल तर दाव्यासोबत अंतरिम अर्ज करता येतो. निकाल मान्य नसेल तर सहकार अपील न्यायालय आहे. पण त्यांनी दावा लगेच लिहायला घेतला नाही. म्हणाल्या, “न्यायाधीशांसमोर पहिला प्रश्न हाच येईल की पाणी कुठून येतंय. त्याचं उत्तर आधी मिळवा, तेही दोघांच्या समोर मिळवा.” फी मिळणार असताना हा सल्ला देणाऱ्या वकिलाविषयी मला मनापासून आदर वाटला.

पाहणीची तारीख सोसायटीने लेखी कळवली. आम्ही, काका, सेक्रेटरी, समितीचे एक सभासद आणि सोसायटीने बोलावलेला वॉटरप्रूफिंगचा जाणकार माणूस. त्याने एकदम तोडफोड केली नाही. आधी वरच्या बाथरूममधले भिंतीत गाडलेले पाइप दाब देऊन तपासले. दाब टिकला, म्हणजे पाइप फुटलेला नव्हता. मग सामाईक उभी लाइन बघितली, ती कोरडी होती. मला वाटतं काकांना हे बघून बरं वाटलं, कारण तपासणी त्यांना पकडायला चाललेली नाही हे दिसत होतं. शेवटी नहाणी ट्रॅपला बूच लावून फरशीवर रंग मिसळलेलं पाणी साठवून ठेवलं, आणि त्या काळात ते बाथरूम कुणी वापरायचं नाही असं ठरलं. आमच्या भिंतीवर पुढच्या दिवशी रंग उतरला. काका खाली आले, बघितलं, आणि म्हणाले, “ठीक आहे. माझं आहे.”

ज्याने हे अनुभवलं नसेल त्याला कदाचित कळणार नाही की या चार शब्दांसाठी माणूस किती थांबलेला असतो.

पाहणीचा अहवाल सगळ्यांच्या सह्यांनी झाला. समितीने रीतसर नोटीस दिली. पण खरं बोलणं झालं ते सोसायटीच्या ऑफिसात बसून. काकांना बाथरूम पुन्हा फोडायचं होतं, खर्च मोठा होता, आणि ज्या ठेकेदाराने आधीचं काम केलं तो फोन उचलत नव्हता. आमच्या भिंतीचं प्लास्टर आणि रंग वेगळाच. आम्ही दोन्ही मागू शकलो असतो. ठरवलं असं: बाथरूमचं वॉटरप्रूफिंग आणि आमचं प्लास्टर त्यांचं, रंग आमचा. हे सगळं तडजोडपत्रात लिहून घेतलं: काम कधीपर्यंत, फरशी बसवण्याआधी पाणी साठवून चाचणी, ती आम्हाला आणि सोसायटीला दाखवायची, हमीपत्राची प्रत सोसायटीत. खाली दोन्ही घरांच्या सह्या आणि सोसायटीचा शिक्का. नात्यात कागद कशाला, असं काकू म्हणाल्या. मी म्हटलं, नातं टिकावं म्हणूनच. उद्या हे घर त्यांनी किंवा आम्ही विकलं, तर नव्या माणसाला काय ठरलं होतं ते कुठून कळणार?

काम झालं. प्लास्टर मात्र लगेच केलं नाही. भिंत आतून सुकू द्यावी लागते, नाहीतर नवा गिलावा फुगतो. एप्रिलच्या उन्हात ती सुकली.

मग बिल्डिंगमधले लोक आपापले प्रश्न घेऊन यायला लागले. मी वकील नाही, हे आधीच सांगते, पण उपविधी आणि शासनाचे आदेश घरात आहेत तर दाखवते. तिसऱ्या मजल्यावरच्या दादांना घर घेताना सोसायटीने हस्तांतरणाचं प्रीमियम म्हणून मोठी रक्कम ‘स्वेच्छा देणगी’च्या नावाने मागितली होती, महापालिका क्षेत्रात हस्तांतरण प्रीमियम २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि देणगीच्या नावाखालीही घेता येत नाही. एका घरी बिल्डरने स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली, पार्किंगची जागा वेगळे पैसे घेऊन विकल्याचा कागद होता. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आहे: स्टिल्ट पार्किंग हा सामाईक भाग, बिल्डरला तो स्वतंत्रपणे विकता येत नाही, वाटप सोसायटीने करायचं. त्यांना तो कागद पुढे करण्यापेक्षा पार्किंगचं वाटप सर्वसाधारण सभेत मागायला सांगितलं.

तळमजल्यावरच्या आजींचं प्रकरण सगळ्यात जास्त लागलं. त्या मुलाकडे राहायला गेल्या आणि घर भाड्याने दिलं. तेव्हापासून त्यांच्या बिलात बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचा आकार, मेंटेनन्सच्या जवळजवळ निम्मं लागत होतं. शासनाच्या २००१ च्या आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि तो १० टक्के सेवाशुल्काचा, अख्ख्या बिलाचा नव्हे. महापालिकेचे कर त्यात धरायचे नाहीत. आजींना हे माहीत नव्हतं, म्हणून त्या दर तिमाहीला गुपचूप भरत होत्या. आम्ही मिळून खजिनदारांकडे गेलो, आदेश दाखवला, लेखी अर्ज दिला, पोच घेतली. पुढच्या बिलात शुल्क बरोबर आलं. आधी जादा घेतलेली रक्कम पुढच्या बिलांमधून वळती करावी, हा आजींचा अर्ज आता वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर आहे. ती सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्याच सभेत आम्ही आणखी एक ठराव मांडतो आहोत: यापुढे बाथरूमच्या नूतनीकरणाची परवानगी देताना पाणी साठवून केलेली चाचणी फरशी बसवण्याआधी सोसायटीला दाखवावी लागेल. सूचक आम्ही आहोत. अनुमोदक म्हणून वरच्या काकांनी सही केली आहे.